नाना उठेनात, पाहुणी उठेना

१६ मार्च २०२५, सकाळी ६ वाजून २० मिनिटे. दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात, घराच्या फाटकापासून मिरच्या वाळत घातलेल्या पथारीपर्यंत आणि परत, असे दोन किलोमीटर चारशे मीटर माझी रूममेट धावली आणि मी वहीत वेळ नोंदवली : १३ मिनिटे ३१ सेकंद. यायचे होते तेरा मिनिटांच्या आत.

आम्ही दोघी लष्करी प्रबोधिनीत दुसऱ्या वर्षाला. फेब्रुवारीतील चाचणीत ती बावीस सेकंदांनी नापास झाली होती. वसंतातील आठवडाभराची सुट्टी संपताच, २४ तारखेला, फेरचाचणी होती. तीही हुकली तर तिला सहा महिने मागे, खालच्या तुकडीत जावे लागणार होते. तिचे घर गढवालच्या डोंगरात. जाण्यायेण्यातच निम्मी सुट्टी संपली असती. म्हणून मी तिला माझ्या घरी आणले. जळगावला गाडी बदलताना माझा आराखडाही समजावून सांगितला : सपाट रस्ता, कोरडी हवा, रोज एक मोजणी, रोज पाच-सहा सेकंदांची घट. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलीला सरळ रेषेचा मोह आवरत नाही.

रजेवर सोडण्यापूर्वी प्रबोधिनीत एक पत्रक वाचून दाखवतात. पोशाख नीटनेटका असावा, कोणाशी वाद घालू नये, फुशारकी मारू नये, ज्येष्ठांचा मान राखावा. इतर मुले ते ऐकतात आणि विसरतात. माझ्या रूममेटने ते पाठ केले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंगणात आली, तर घरातल्या सगळ्या चपलाबुटांना पॉलिश झालेले आणि टाचा एका रेषेत. पाहुणीने आपल्या पायताणांना हात लावला म्हणून आई अर्धा दिवस संकोचून होती. नानांच्या शेतातल्या चपलाही त्या रांगेत चकाकत होत्या. नाना म्हणजे माझे वडील. सारे गाव नाना म्हणते, म्हणून मीही. त्या चपला घालून चिखलात उतरायला ते तयार होईनात. त्यातच ती त्यांना ‘सर’ म्हणू लागली. उभ्या आयुष्यात त्यांना कोणी सर म्हटले नव्हते. दोन दिवसांत त्यांच्या चालण्यात फरक पडल्याचे मी स्वतः पाहिले.

आकडे मात्र उलट्या दिशेने निघाले. १७ तारखेला १३ मिनिटे ३६ सेकंद, १८ तारखेला १३-४४, १९ तारखेला १३-५२. मी कारणे तपासली. झोप पुरेशी होती, बूट तेच होते, वारा नव्हता. पथारीपाशी वळताना ती दोनतीनदा शिंकायची, त्यात चार-पाच सेकंद जायचे. पण तो तोटा रोज सारखाच होता, वाढत नव्हता. १९ला वही माझ्या हातातून घेऊन तिने चारही आकडे वाचले आणि बॅगेतले परतीचे तिकीट काढून उगाच त्यावरची तारीख पाहिली.

उत्तर त्याच दुपारी मिळाले, आणि ते नानांकडून. गोठ्यामागे बोलावून त्यांनी माझ्याकडे हळूच ओवा मागितला.

“हाई पोर ताटवरथीन उठस कव्हय?” ते म्हणाले. “मना तर पोटले तडस लागनी.”

मी म्हटले, मग तुम्ही आधी उठा.

“पाव्हनी बशेल शे नि मी उठू?”

संध्याकाळी मी जेवायला न बसता निरीक्षण केले. प्रबोधिनीत ताटात काही टाकणे हा गुन्हा आणि सावकाश जेवणे ही चैन, त्यामुळे तिने भरीत आणि कळण्याची भाकरी सात मिनिटांत संपवली, ताट लख्ख केले आणि गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसून राहिली. ज्येष्ठ उठल्याशिवाय उठायचे नाही, हा तिकडचा नियम. पाहुणा उठल्याशिवाय यजमानाने उठायचे नाही, हा इकडचा. आणि पाहुण्याचे ताट रिकामे दिसले की वाढायचे, हा आईचा. नानांनी डोळ्यांनी खूण केली, आईने भाकरी वाढली, पाहुणीने ती संपवली, आणि तिला सोबत म्हणून नानांनीही आणखी चतकोर घेतली. चौथ्या फेरीला मी मोजणे थांबवले. तिन्ही नियम एकेकटे निर्दोष होते. एकत्र जोडल्यावर थांबण्याची सोयच उरली नव्हती.

मी दोघांनाही समजावले. ती म्हणाली की सर बसलेले असताना उठणे तिला जमणार नाही, नापास झाली तरी चालेल. नाना म्हणाले, “मना घरमा पाव्हनाले कोन्ही ‘पुरे’ म्हनेल नई शे.” आईने तर माझ्याकडेच संशयाने पाहिले, मुलगी लष्करात जाऊन चिक्कू झाली, असा तिचा निष्कर्ष असावा.

मग मला सुचले की दोघांपैकी कोणी आधी उठायलाच नको. दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टॉपवॉच घेऊन दाराशी उभी राहिले. तिचे ताट रिकामे झाले, आईचा हात टोपलीकडे गेला, आणि मी कवायतीच्या आवाजात तीनपर्यंत मोजले. दोघे एकाच क्षणी उठले. नाना किंचित जास्तच चपळाईने. कोणाचाही मान गेला नाही. आई हातात भाकरी धरून तशीच उभी राहिली.

“आते हाई कोन खाई?” तिने विचारले.

मी खाल्ली. प्रयोगाला किंमत असते.

त्यानंतर रोज दोन्ही वेळा मी आज्ञा द्यायची आणि घर उठायचे. २० तारखेची सकाळ या प्रयोगाआधीची, ती १३-५० होती. २१ला १३-२३ आणि २२ला, निघायच्या दिवशी, १३-०४. नानांचा ओवा बंद झाला. ते सायकल घेऊन तिच्या पुढे निघू लागले होते आणि मागे वळून न पाहता ‘चाल, चाल’ म्हणत होते. चार सेकंद मात्र शिल्लक राहिले. दोंडाईच्याच्या फलाटावर ती खिडकीतून नानांकडे पाहत राहिली आणि नाना तिच्याकडे. आधी पाठ कोणी फिरवायची हे दोघांनाही ठरवता येईना, तेव्हा गाडीनेच सुटका केली.

२४ तारखेला सकाळी सहा वाजता प्रबोधिनीच्या मैदानाच्या कडेला मी माझी वही घेऊन उभी होते. अधिकारी त्यांची वेळ मोजत होते, मी माझी. अर्ध्यावरच्या वळणाशी ती पोहोचली तेव्हा सवयीने मी शिंकेची वाट पाहिली. तिथे मिरच्या नव्हत्या. ती न थांबता वळली आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर, पुढे कोणी सायकलवर असल्यासारखी, धावत आली. मी बटण दाबले आणि वहीत लिहिले : १२ मिनिटे ५६ सेकंद.