डॉक्टरांच्या हुकमाने चरबी

गेल्या वर्षी देवळाच्या पायऱ्या चढताना ल्योंगकाकांच्या छातीत कळ आली आणि आमच्या गल्लीच्या जिभेवर संक्रांत आली. तैवानातल्या ताइनानच्या या गल्लीत त्यांच्या गाड्यावरची हंडी बापाच्या काळापासून रटरटतेय. डुकराचं चरबीदार मांस, सोया सॉस, खडीसाखर, आणि ते सगळं गरम भातावर. डॉक्टरांनी काकांची चरबी बंद केली. स्यू-ग्वेकाकूंनी एक पाऊल पुढे जाऊन पळीच हिसकावली. "चाखतो चाखतो म्हणत अर्धी हंडी पोटात घालता!" वर नवऱ्यासाठी क्वान-इम देवीला नवस बोलून त्यांनी स्वतःही मांस सोडलं.

म्हणजे मांसाची हंडी, शिजवणारी दोन माणसं, आणि चाखणारं कुणीच नाही! सकाळी काकू साखर घालायच्या. त्या बाजारात गेल्या की, बायकांना अंदाज नसतो म्हणून, काका पुन्हा घालायचे. ताइनानमध्ये मुळातच सगळ्या जेवणात साखर; तिथल्या माणसालासुद्धा जेवण गोड लागायला लागलं म्हणजे किती गोड, ते तुम्हीच ठरवा. तरी गल्ली खात होती. मी समोरच पेरू विकते. रोज दुपारी माझीही एक वाटी ठरलेली.

"कसं झालंय, आ-बी?" काका विचारायचे.

"छान!" मी म्हणायची. तोंडावर खरं बोलायची आमच्यात रीत नाही.

मग हृदयाच्या तपासणीची तारीख आली. काकूंनी आधीच बजावलं होतं, "हृदय धड निघालं तर पळी तुमची. नाही निघालं तर गाडा बंद, आणि मुकाट्याने ताइपेला लेकाकडे चलायचं." लेकाचं घर अकराव्या मजल्यावर. काकांच्या मते त्यापेक्षा स्मशान बरं, निदान ते जमिनीवर असतं.

काकूंना एकटीला काका आवरणार नाहीत म्हणून मी सोबत गेले. आदल्या दिवसापासून चहा बंद, त्यामुळे म्हातारा फणफणत होता. गुडघे कामातून गेलेले, तेव्हा सरकत्या पट्ट्यावर पळवण्याऐवजी शिरेत औषध सोडून हृदयालाच जागच्या जागी पळवलं. मग किरणं सोडणारं दुसरं औषध टोचलं. रक्त हृदयात कुठे पोचतं, कुठे नाही, ते त्याने कॅमेऱ्यात दिसतं.

"पाय न हलवता धाप लागली," काका म्हणाले. "नेत्यांचं असंच होत असणार."

नर्सबाई आली. "आजोबा, आता काहीतरी तेलकट खाऊन या. औषध यकृतात साठतं आणि फोटोत हृदयाशेजारी तेच चमकत बसतं. चरबी पोटात गेली की ते खाली सरकतं."

काका ताडकन उठून बसले. "काय म्हणालीस, पोरी? जरा मोठ्याने बोल. आमच्या हिला कमी ऐकू येतं."

"मी दूध आणते," काकू दातओठ खात म्हणाल्या.

"दूध वासरांना! डॉक्टरांचा हुकूम मोडायचा नसतो." आणि त्यांनी माझ्या मांडीवरचा डबाच उचलला. दुपारसाठी मी त्यांच्याच गाड्यावरून भात भरून आणला होता. वर्षभराने पहिला घास. काकांनी डोळे मिटले, दोनदा चावलं, आणि डोळे उघडले.

"हे कुठलं?"

"तुमच्याच हंडीतलं."

"हे मांस आहे की मुरंबा?" ते ओरडले. "कधीपासून असं लागतंय?"

"पळी गेली तेव्हापासून."

"आणि वर्षभर सगळ्यांनी गिळलं? तो तेंग न्हावी दोन-दोन वाट्या मागायचा! जिभा काय गहाण टाकल्यात मेल्यांनी?"

"आजोबा, चला. आता अजिबात हलायचं नाही," नर्सबाई म्हणाली. काका कॅमेऱ्याखाली हात वर करून पडून राहिले. अंग हललं नाही, पण ओठ आम्हाला शिव्या देत होते.

बाहेर आल्यावर त्यांचा आवाज उतरला होता. "एकाने तरी सांगायचं होतं गं, आ-बी. गाड्याची अब्रू गेली."

"सांगितलं असतं तर तुम्ही चाखून बघितलं असतं," मी म्हणाले.

काकांनी बाहीने नाक पुसलं आणि इस्पितळातल्या एसीला नावं ठेवली. काकू उगाचच पिशवीत काहीतरी शोधत राहिल्या. 

निकाल ना इकडचा ना तिकडचा. हृदयाच्या खालच्या एका कोपऱ्याला रक्त कमी पडतं. सध्या गोळ्यांवर भागेल. मग डॉक्टरांसमोरच नवराबायकोची घासाघीस सुरू झाली. शेवटी वैतागून डॉक्टर म्हणाले, "रोज एक चमचा चाखा. एकच!" काकूंनी पळी दिलीच नाही. चहाचा चमचा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी तो चमचा तोंडात धरला, साखरेचा डबा लाथेने बाकाखाली सरकवला आणि रस्सा नव्याने लावला. दुपारी अख्खी गल्ली गाड्यापुढे उभी. पहिली वाटी माझी.

"कसं झालंय?"

"छान!" मी म्हणाले, आणि खरंच तसं झालं होतं.

काकांनी मला खालून वर न्याहाळलं. "तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?" म्हणाले, आणि माझ्या वाटीत मांसाचा आणखी एक मोठा तुकडा टाकला.