थोरल्याची पाळी

बादलीतलं पाणी आधी मनगटाच्या आतल्या बाजूने तपासायचं. प्लास्टरची पट्टी पाण्यात बुडवली की बुडबुडे थांबेपर्यंत बोलायचं नाही. रुग्ण लहान असला तर आधी त्याच्या बाहुलीचा हात बांधायचा, मग त्याचा. सुकलेल्या प्लास्टरवर ते काढायची तारीख पेन्सिलीने लिहायची आणि ती रुग्णाला मोठ्याने वाचायला लावायची. चहा पार गार झाल्याशिवाय प्यायचा नाही. घरी निघताना नखांतला पांढरा थर टाचणीने काढायचा. जेवणाआधी प्रार्थनेला डोळे मिटायचे, आणि मिटण्यापूर्वी एकदा दाराकडे बघायचं.

काकांची ही शेवटची सवय माझ्या फार उशिरा लक्षात आली.

सगळं हॉस्पिटल त्यांना प्लास्टरकाका म्हणायचं. एकतीस वर्षं त्यांनी मोडलेली हाडं बांधली. मी त्याच हॉस्पिटलात केसपेपर लावतो. साहित्यात एम. ए. झालेला माणूस दिवसभर केसपेपर लावतो, याची काकांना भारी गंमत वाटायची. सकाळी खिडकीतून डोकं आत घालून म्हणायचे, "काय लेखक, आज कुणी काय मोडून घेतलंय?" त्यांच्याच घराच्या वरच्या खोलीत मी तीन वर्षं भाड्याने राहतोय. आमच्यात पस्तीस वर्षांचं अंतर. तरी ‘हा माझा मित्र’ अशी ओळख त्यांनीच करून द्यायला सुरुवात केली.

खाली काका, धाकटा मुलगा आणि सून. धाकटा शहरबस चालवतो; त्याला मी दादा म्हणतो. थोरला जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम करतो. काकू गेल्या त्याला नऊ वर्षं झाली, आणि थोरला घरी आला नाही त्यालाही नऊच.

रोज संध्याकाळी सात वाजता घरात प्रार्थना व्हायची. एकदा काकांनी मलाही बसवलं. आधी गीत झालं. काकांचा सूर पार वाहवत गेला, पण कुणी हसलं नाही. मग त्यांनी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मांडीवर घेतलं, रिबीन होती तिथे उघडलं आणि चष्मा लावला. मला वाटलं, आता वाचतील. ते नुसते बसून राहिले. दोन मिनिटं कुणी हललं नाही. मग त्यांनी शास्त्र मिटलं आणि थोरल्यासाठी प्रार्थना केली.

नंतर मी सूनबाईंना विचारलं, "वाचन नसतं का?"

"असतं ना. पण पाळी भाऊजींची आहे," त्या म्हणाल्या. "ते आले की वाचतील. मी लग्न होऊन आले तेव्हाही त्यांचीच होती."

त्या हसल्या. धाकटा बुटांना पॉलिश करत होता, त्याने मान वर केली नाही.

घरातला नियम जुना होता. रोज एक अध्याय, पाळीपाळीने. काकू, थोरला, धाकटा, काका. काकूंनी त्यांचा शेवटचा अध्याय वाचला आणि त्याच रात्री झोपेत गेल्या. पुढची पाळी थोरल्याची होती. तो यायचा होता, म्हणून काका थांबले. थांबले ते थांबलेच. चर्चच्या पाळकांनी एकदा समजावलं, पाळी पुढे सरकवा, घरात वचन वाचलं जायला हवं. काका म्हणाले, "त्याची पाळी दुसऱ्याला दिली, तर तो येऊन बसेल कुठं?"

धाकटा एकदा जिन्यात भेटला. हातात काकांची औषधं होती. "मी घर सोडलं नाही," तो म्हणाला, "म्हणून नऊ वर्षांत माझी पाळी आली नाही. आहे की नाही मजा?"

दोघा भावांचं भांडण काकूंच्या दफनावरून झालं होतं. थोरला बंदरावरून निघाला होता, संध्याकाळपर्यंत पोचणार होता. दफन दुपारीच झालं. तो दफनभूमीच्या फाटकातून आत आला तेव्हा माती सारखी करून झाली होती. त्याने विचारलं, "घाई कुणी केली?" धाकटा म्हणाला, "मी." थोरला म्हणाला, "मग आजपासून मला भाऊ नाही." त्याच पावली तो परत गेला.

एवढं मला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मागच्या मंगळवारी दुपारी प्लास्टर रूममध्ये गर्दी नव्हती. काका बादली विसळत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लेखक, ती घाई धाकट्यानं नव्हती केली."

मी हातातले केसपेपर खाली ठेवले.

"मी केली. ऊन होतं. तिचा चेहरा बदलायला लागला होता. थोरल्यानं आईला तशी बघू नये, असं वाटलं मला. पाळक म्हणत होते, संध्याकाळपर्यंत थांबू. मीच म्हटलं, नको."

"मग दादा ‘मी’ का म्हणाला?"

"थोरला ओरडत होता. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. धाकट्याला वाटलं असेल, बाबा आता कोसळतात. म्हणाला, मी. त्याला वाटलं, घरी गेल्यावर बाबा खरं काय ते सांगतील." त्यांनी बादली पालथी घातली. "मलाही तसंच वाटलं होतं."

"आणि मग?"

"मग काय. रोज देवाला सांगतो. त्याला माहीतच आहे, त्याला सांगायला काय लागतं?"

मी म्हटलं, सांगून टाका. त्यांनी खिशातून फोन काढला. लगेच, तिथल्या तिथे. बोट थोरल्याच्या नंबरावर होतं. तेवढ्यात मी म्हणालो, "थांबा काका. अशी गोष्ट फोनवर नको. दोघांना समोर बसवून सांगा."

मला तो प्रसंग डोळ्यांसमोर दिसत होता. दोन भाऊ, मध्ये बाप. वाचून वाचून अशी खोड लागते. ते माझं वाक्य आता मला दिवसभर ऐकू येतं.

बुधवारी त्यांनी थोरल्याला फोन केला तो फक्त बोलवायला. जहाज जवळच्या बंदरात लागणार होतं.

"काय काम आहे, बाबा?" स्पीकर चालू होता.

"आल्यावर सांगतो."

"तब्येत बरी आहे ना?"

"तब्येत ठणठणीत आहे. तू ये."

मग तो म्हणाला, "रविवारी येतो."

गुरुवारी काकांनी सराव केला. मला स्टुलावर बसवून थोरला केलं. कोपऱ्यातला हाडांचा सांगाडा धाकटा झाला. "अरे, बाप बोलतोय आणि तू दात काढतोस," काका सांगाड्याला म्हणाले. मग घसा साफ केला. "त्या दिवशी..." म्हणाले आणि थांबले. तीनदा सुरुवात केली, तिन्ही वेळा तिथेच अडले. शेवटी म्हणाले, "राहू दे. तो समोर आला की येईल आपोआप."

शुक्रवारी सकाळी एका बाईंचं मनगट बांधता बांधता ते खाली पडले. डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते. त्याचा काही उपयोग झाला नाही.

धाकट्याने सगळ्यांना थांबवलं. पाळकांनी शनिवार सुचवला. तो म्हणाला, "थोरला आल्याशिवाय माती पडणार नाही." दोन दिवस तो शवागाराच्या दारात बसून होता, बसचा गणवेश तसाच. घरी चला म्हटलं तर म्हणायचा, "इथे बरं आहे."

रविवारी दुपारी थोरला आला. त्याला काकांचा चेहरा दाखवला. दोन दिवसांत चेहरा बदलला होता. तो बघत राहिला आणि मग त्याने मान फिरवली. काकूंच्या वेळी काकांना ज्याची धास्ती होती, ते मी त्या क्षणी पाहिलं.

दफन झालं. मंडळी पांगली. फाटकाजवळ दोघे भाऊ आणि मी, एवढेच उरलो. थोरला पहिल्यांदा धाकट्याशी बोलला.

"बाबांसाठी थांबता आलं तुला," तो म्हणाला. "आईसाठी नाही आलं."

धाकटा बुटांवरची माती बघत राहिला. मग मी बोललो. म्हटलं, काकूंच्या दफनाचं काकांनी ठरवलं होतं, दादाने नव्हे. मंगळवारी त्यांनीच मला सांगितलं. आज तुम्हाला त्याचसाठी बोलावलं होतं. मी भराभरा बोललो. माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं.

थोरल्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हा कोण?"

"वर राहतो," धाकटा म्हणाला.

"भाडेकरू." त्याने मान डोलावली आणि तो धाकट्याकडे वळला. "नऊ वर्षं हे कुणाला आठवलं नाही. आणि बाप मातीत जाऊन तास झाला नाही, तोवर त्याच्यावर ढकललं. आजही ‘मीच केलं’ म्हणाला असतास, तर बरं वाटलं असतं मला."

त्याने पिशवी खांद्यावर टाकली आणि तो चालू लागला.

"दादा, सांगा ना त्यांना," मी म्हणालो. "खरं आहे ना ते?"

"खरं आहे."

"मग?"

"मी सांगून काय होणार? ते बाबांनी सांगायचं होतं," धाकटा म्हणाला. "तेवढं एकच काम राहिलं होतं त्यांचं."

थोरला तोवर रस्ता ओलांडून गेला होता.