सगळ्यात उत्तम डॉक्टर

माझा दादा अर्थशास्त्राचा प्राध्यापक. म्हणजे घरात शहाणा तो एकटाच, बाकी आम्ही सगळी गाढवं! त्याच्या पुस्तकातल्या माणसाला म्हणे सगळे पर्याय ठाऊक असतात, तो ते तोलतो आणि त्यातला सर्वोत्तम तेवढा उचलतो. असला माणूस मी तरी सोलापुरात बघितला नाही. नव्या पेठेत साडी घ्यायला गेलं की तिसऱ्या दुकानात पाय दुखायला लागतात. मनाला पटेल ती साडी घेऊन बाई घरी येते आणि वर्षभर सुखानं नेसते. दादा याला अडाणीपणा म्हणायचा.

आईच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. शिबिरात तपासणाऱ्या डॉक्टरनं बजावलं, यात गेलेली नजर परत येत नाही, उपचार लवकर सुरू करा. आईनं त्याच संध्याकाळी निकाल लावला. ज्वारी घेताना ती चार दाणे चावून बघते, अख्खं पोतं उपसत बसत नाही. तिनं शेजारच्या काकूंना गाठलं.

"तुमचा काचबिंदू कुणी बगितला? आता दिसतंय न्हवं?"

"दिसतंय की."

झालं. आई म्हणाली, "मला तितंच न्या."

दादा हसला. "एका बाईच्या सांगण्यावरून डॉक्टर ठरवतात होय?" आणि बसला की तक्ता आखत! सोलापूर, पुणे, हैदराबाद. यंत्रं, अनुभव, अंतर. रोज नवा रकाना. उत्तम शोधायलाही दिवस लागतात आणि ते आईच्या नजरेतून वजा होतात, एवढं त्या दीडशहाण्याच्या डोक्यात शिरलं नाही. सात महिने!

एका सकाळी आईनं चहाचा कप टेबल सोडून भलतीकडंच ठेवला. कप फुटला. डाव्या डोळ्यानं तिला काहीच दिसेना. तरी दादा म्हणतो कसा, "घाई नको, अजून एक मत घेऊ."

आईनं भिंत चाचपत चपला घातल्या. "डोळं माजं हायेत, तुज्या पुस्तकातलं न्हाईत. पोरी, रिक्षा बोलाव."

मी बोलावली. काकूंच्याच डॉक्टरकडं गेलो.

उजवा डोळा वाचला. डावा गेला. दादाला मी आजही तोंडावर मूर्ख म्हणते. पण रिक्षा बोलवायला मला दहा मिनिटंही लागली नव्हती. सात महिने मीही त्याचा तक्ता पुरा व्हायची वाट बघत बसले होते.