बेलीफकाका आणि माझी सोडचिठ्ठी

शेजारचे बेलीफकाका कुणालाही साधी हाक मारत नसत. आमच्या नालवाडीच्या घराच्या फाटकाशी उभे राहून मला पुकारायचे, "सुषमा, वडिलांचं नाव मधुकर, राहणार नालवाडी, हजर आहे काय?" आणि एवढं करून मागायचं काय, तर विरजण! वर्ध्याच्या कोर्टात चाळीस वर्षं समन्स वाटून निवृत्त झाले, पण बेलिफी काही सुटली नाही.

वाटी परत केली की आईकडून "मिळाली" असं वदवून घेतल्याशिवाय ते हलायचे नाहीत. काकूंनी तर त्यांच्यापुढे हात टेकले होते. "भाजीत मीठ जास्त आहे म्हणालेबी या माणसाले दोन साक्षीदार लागते," असं त्या म्हणायच्या. काकांना जाऊन आता दोन वर्षं झाली, पण काकू हे अजूनही सांगतात आणि हसता हसता डोळे पुसतात.

माझ्या दुसऱ्या लग्नाची पत्रिका द्यायला मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा लग्न बारा दिवसांवर होतं. दुसऱ्या कुणी नवरदेव काय करतो ते विचारलं असतं. काकांनी चष्मा लावला, पत्रिका पाठपोट वाचली आणि विचारलं, "पयलं लगन मोडल्याची कोर्टाची डिक्री कुठं आहे?"

मी ऐटीत घरून कागद आणून दाखवला. तीन वर्षांपूर्वी केळझरला मामांकडे बैठक झाली होती. दोन्हीकडची पाच-पाच माणसं, चहा, पोहे आणि स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी. नोटरीचा गोल शिक्कासुद्धा होता.

"शिक्का चांगला उमटला," काका म्हणाले. "पण पोरी, आपलं लगन मोडाचा अधिकार कोर्टाले आहे, मामाले नाई. कायद्यानं तू अजून त्याचीच बायको आहे."

खरं सांगते, त्या क्षणी मला काकांना चष्म्यासकट विहिरीत ढकलावंसं वाटलं.

बाबा तर भडकलेच. "काऊन आमच्या मुळावर उठून राह्यले, भाऊ? हॉल बुक आहे!"

"हॉलवाला पुढची तारीख देते. कोर्टबी देते," काका शांतपणे म्हणाले. बाबांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. माझा होणारा नवरा प्रशांत थांबायला तयार होता, पण त्याच्या आईने तोंडावर सांगितलं, वर्षभर वाट पाहू, नंतर दुसरी मुलगी पाहू.

मग काकांनी मला ओट्यावर बसवून सगळं समजावलं. "दोघायनं मिळून अर्ज करा. मंग सहा महिने थांबा. मंग पुन्हा दोघायनं जाऊन सांगा, नाई जमत म्हणून."

"सहा महिने काऊन?"

"तवरिक मन पलटते काय, ते कोर्ट पाह्यते."

"तीन वर्षांत नाई पलटलं!"

"ते कोर्टाले काय माहीत? त्याले तुमचं भांडण आजच समजलं."

पहिल्या नवऱ्याचं जाम गावाजवळ हायवेवर टायरचं दुकान. अर्जावर सही करायला तो आला. सहा महिन्यांनी, शेवटच्या जबाबाच्या दिवशी मात्र आलाच नाही. फोन बंद. त्याच्या जबाबाशिवाय सगळंच अडणार होतं. मी कोर्टाच्या आवारातच रडले. वकीलबाईंनी पुढची तारीख घेतली.

त्या तारखेला अकराच्या सुमारास काकांची जुनी स्कूटर आवारात शिरली. मागे तो, मान खाली घालून बसलेला.

"काका काय म्हणाले रे?" मी विचारलं.

"काहीच नाई! सातपासून दुकानासमोर बसून राह्यले. गिऱ्हाईक विचारे, बाबाजी कोन? तर म्हणत, कोर्टातून आलो. एकबी गिऱ्हाईक थांबे ना. मंग काय करतो, आलो!"

न्यायाधीशांनी विचारलं, पुन्हा एकत्र राहण्याची शक्यता आहे का? नाही, असं आम्ही दोघांनी सांगितलं. तीन वर्षं मी मोकळी आहे असं समजून वावरले होते, आणि खरी मोकळी झाले तर वाईटच वाटलं. त्याच्याकडे पाहिलं, त्याचेही डोळे भरले होते.

डिक्रीची नक्कल आणायला काकाच गेले. आई, बाबा आणि मी दुपारपासून फाटकात उभे होतो. काकांनी आम्हाला पाहिलं, स्कूटर थांबवली आणि ते तिथेच उभे राहिले. पुढे येईनात.

"या ना, भाऊ," बाबा म्हणाले. आठ महिन्यांतला हा पहिला शब्द.

काका आले. त्यांनी कागद पुढे केला. "चाळीस वर्षं कागद घेऊन लोकायच्या घरी गेलो," ते म्हणाले. "मले पाहून लोकं दार लावून घेत. कोणी वाट पाहून राह्यलं, असं आजच पाह्यलं."

मी कागद उघडलाच नाही. आधी त्यांच्या पाया पडले.