सहज केला होता

कचेरीत सगळे तिला ‘का-बाई’ म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ठाऊक होतं. म्हाताऱ्या माणसांसाठी तिथे मदतीचा फोन चाले. फोन यंत्रच घेई, आणि आधी कुणाकडे धावायचं तेही यंत्रच ठरवी. त्या यंत्राला शिकवायचं काम तिचं. बाकीचे म्हणत, उत्तर बरोबर आलं ना, मग झालं! पण ही बया ऐकेल तर शपथ. “का ते सांगू दे त्याला. नुसतं उत्तर काय, पोपटही देतो.” शेवटी तिने यंत्राला कारण सांगायला लावलंच. ज्या शब्दांवरून निवाडा केला, ते शब्द प्रत्येक फोनापुढे पडद्यावर उमटू लागले.

हा हट्ट मूळचा बाबांचा. बाबा टेलिफोन खात्यात लाईनमन होते. तार तुटली तर नुसती जोडून खाली उतरतील ते बाबा कसले? का तुटली ते शोधत खांबावर बसून राहायचे. आणि उभी हयात तारांवर काढलेला हा माणूस स्वतः फोनवर बोलायला महाकंजूष! “फोन कामापुरता,” म्हणायचे. लेकीने खुशाली विचारली तरी “बरा आहे, ठेव” एवढंच. आई गेल्यावर ते एकटे पडले, तेव्हा तिने मदतीचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून फोनशेजारी चिकटवला. बाबांनी नाक मुरडलं, पण कागद काही काढला नाही.

एक दिवस तिचं यंत्र बघायला बाहेरची मोठी मंडळी आली. तिने आपला फोन बंद करून ठेवला होता. पडद्यावरची कारणं दाखवताना अंगावर मूठभर मांस चढलं होतं. नेमका तेव्हाच मदतीच्या नंबरावर बाबांचा फोन आला, आणि यंत्राने तो रांगेत सगळ्यात खाली ढकलला. संध्याकाळी कचेरीतून उलट फोन गेला, कुणी उचलला नाही. शेजाऱ्यांनी दार तोडलं तेव्हा बाबा खुर्चीतच गेलेले होते.

कामावर परतल्यावर तिने आधी बाबांच्या फोनापुढचं कारण उघडलं. ‘सहज केला होता’, ‘घाई नाही’.

“कारण तर स्पष्ट आहे,” साहेब हळूच म्हणाले. “यंत्राचं काही चुकलं नाही.”

“नाहीच चुकलं. सहज म्हणजे काही नाही, हे मीच शिकवलंय त्याला. पण साहेब, आमचे बाबा जन्मात कधी सहज फोन करत नव्हते हो!”

यंत्राला शब्द कळला, माणूस कळला नाही. कळणार कसा? कोण एकटं राहतं, कुणी आजवर कधीच फोन केला नाही, ही माहिती कचेरीत होती, पण वेगळी ठेवलेली. त्या माहितीची आणि आलेल्या फोनांची गाठ कुणी घातलीच नव्हती. लाईनमनच्या लेकीने दोन टोकं सुटी ठेवली होती. या एका गोष्टीवर ती ढसाढसा रडली.

मग ती टोकं जोडायला बसली. कितीतरी महिने गेले. एका दुपारी कुण्या आजींचा फोन यंत्राने सगळ्यांच्या वर आणून ठेवला. कारण: ‘सहज’ म्हणाल्या, एकट्या राहतात, पहिलाच फोन. माणसं धावली. आजी न्हाणीघराच्या दारात पडल्या होत्या, वाचल्या. कचेरीत टाळ्या वाजल्या.

ती उठून आत गेली. बाबांचं त्या फोनवरचं बोलणं तिने नुसतं वाचलं होतं, ऐकायचा धीर झाला नव्हता. आज तिने त्याचं रेकॉर्डिंग लावलं.

“सहज केला होता. माझी मुलगी तिथंच असते. नाही, नाही, बोलावू नका, कामात असेल. घाई नाही.”

पुढे शब्द नव्हता. नुसता श्वास, कितीतरी वेळ. दोन शब्दांत फोन ठेवणाऱ्या बाबांनी त्या दिवशी फोन ठेवलाच नव्हता. बोलणं संपलं असं समजून शेवटी यंत्रानेच तो बंद केला होता.