हवालदारांचं कोलेस्टेरॉल

हवालदार लालासाहेब पलटणीतून पेन्शनीवर आले ते रुबाब घेऊनच. गावात त्यांच्या मिश्यांना मान होता, आवाजाला मान होता, आणि चौऱ्याहत्तर सालापासून त्यांच्या कोलेस्टेरॉललाही मान मिळू लागला.

झालं असं, की त्यांच्याच पलटणीतला जोतिबा उसाला पाणी पाजता पाजता छाती धरून बसला आणि उठलाच नाही. लढाई पाहिलेल्या हवालदारांचं धाबं दणाणलं. दुसऱ्याच दिवशी एसटीनं त्यांनी सांगली गाठली. डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं. आकडा निघाला तीनशे दहा.

"रक्तात चरबी फार झाली. पुढंमागं हृदयाला धोका आहे," डॉक्टर म्हणाले. तूप, साय, अंड्याचा बलक, रश्श्यावरचा कट, सगळं बंद!

झालं, हवालदार गावातले सगळ्यात मोठे पेशंट ठरले. पारावर बसून ते आकडा सांगायचे आणि लोक काही न कळता हळहळायचे.

पथ्याचा भार मात्र पडला दगडाबाईंवर, म्हणजे त्यांच्या बायकोवर. दारची म्हैस आणि खुराड्यातल्या कोंबड्या काही डॉक्टरांना विचारून चालत नव्हत्या. उकडलेली अंडी ताटात यायचीच. हवालदार पांढरं खायचे आणि बलक कडेला ठेवायचे. कट वाटीत काढायचे, साय बोटानं बाजूला सारायचे. मग नवऱ्याच्या मागं त्याच ताटात दगडाबाई जेवायला बसायच्या. अन्न टाकायचं नाही, हे सासूनं शिकवलेलं. हवालदारांना यात काही वावगं दिसलं नाही. दिसणार कसं? तोवर ते हात धुऊन बाहेर पडलेले असायचे.

दोन वर्षांत आकडा चांगलाच उतरला. इकडं दगडाबाईंना नदीवरून धुणं आणताना धाप लागायला लागली. "वय झालं तुजं," हवालदार म्हणाले. वय होतं सेहेचाळीस.

पुढच्या तपासणीला त्या सोबत आल्या. शनिवार होता, त्यांचा कडक उपास. पायऱ्या चढून त्या मटकन बाकावर बसल्या. रक्त काढणाऱ्या इलाहीनं ते पाहिलं.

"आवं हवालदार, काकूंचंबी रक्त बघू की. उपाशीच हायती."

"अरं, छातीचं दुखणं गड्यामाणसाचं. बाईला काय हुतंय?" हवालदार हसले. "पर बघ, तुजी हौस."

दुपारी कागद आले. हवालदार दोनशे पाच, दगडाबाई तीनशे ऐंशी.

"बाटल्या बदलल्यात तू!" हवालदार गरजले. आपलं दुखणं बायकोच्या नावावर गेलेलं त्यांना खपेना. इलाहीनं मुकाट्यानं दोघांचं रक्त पुन्हा काढलं. संध्याकाळी पुन्हा तेच.

डॉक्टरांनी बराच वेळ दगडाबाईंची छाती तपासली. "जपा यांना, नाहीतर हातच्या जातील. बाई, दुखत नव्हतं का?"

"दुखतंय की. वरीस झालं."

"मग बोलली का न्हाईस?" हवालदार ओरडले.

"तुमचं दुखणं चाललं हुतं न्हवं."

परतीच्या एसटीत हवालदार सारखे बायकोकडंच बघत होते. त्यांना भीती वाटत होती, जोतिबा गेला तेव्हा वाटली त्याहून जास्त. या बाईशिवाय घरात पाऊल कसं टाकायचं, हेच त्यांना सुचेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चुलीपुढं उभं राहून हुकूम सोडला. दगडाबाईंनाही आता तेच पथ्य. जेवण झाल्यावर ते जागचे हलले नाहीत. जन्मात पहिल्यांदा बायको जेवताना समोर पहारा देत बसले. तिनं बलकाला हात लावला नाही, कट तसाच ठेवला. हवालदारांच्या जिवात जीव आला. वाचली एकदाची!

दगडाबाई उठल्या. यंदाच लग्न होऊन आलेली सून, विजयमाला, भिंतीशी आपली पाळी येण्याची वाट बघत होती. सासूचं ताट तिनं पुढ्यात ओढलं.

"खा बाई," दगडाबाई मायेनं म्हणाल्या, "टाकू नगंस काय."

घरात अन्न वाया जात नाही याचं हवालदारांना बरं वाटलं. विजयमालानं मान हलवली आणि पहिला घास बलकाचाच घेतला.