निंभोरीच्या पोलीस पाटलाचं चालान

निंभोरीचा पोलीस पाटील खुशालराव हा काही पाटील घराण्यातला नव्हे. बाप कास्तकार, आजा कास्तकार. याची पाटीलकी आली ती परीक्षा देऊन, सरकारी शिक्क्याची. पण एकोणीस वर्षांत त्या शिक्क्यानं त्याचं आडनाव पुरतं गिळून टाकलं. 'पाटील' सोडून दुसऱ्या नावानं हाक मारली तर तो मान वळवत नसे. बायको आशाबाईसुद्धा चार लोकांत "पाटील, जेवाले चला" असं म्हणे. घरात काय म्हणे ते कागदावर घेण्यासारखं नाही.

काम तसं सोपं. विहिरीत कोणी पडलं की ठाण्यात फोन करायचा, गणपतीच्या आधी शांतता समितीत चहा प्यायचा, दोन भाऊ धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडले की मधे उभं राहून दोघांच्याही शिव्या खायच्या आणि वरून आलेला हुकूम गावाला वाचून दाखवायचा. हेल्मेटचा हुकूम आला तेव्हा ग्रामसभेत त्यानंच तो वाचला होता. वर आपल्या पदरचं एक वाक्यही जोडलं होतं, "डोक्सं तुमचं असन, पन फुटलं तं पंचनामा मले करा लागते." लोक हसले होते. खुशालरावाला तो हशा बरेच दिवस पुरला.

तर अशा माणसाचं चालान कटलं. आणि ते कटलं इवायाच्या पायी.

इवाई म्हणजे व्याही. खुशालरावाची लेक चंदा अकोटाकडे दिलेली, तिचा सासरा जानराव. माणूस वाईट नाही, पण मानाचा फार भुकेला. चंदाच्या लग्नात पत्रिकेवर त्याच्या मावसभावाचं नाव त्याच्या वर छापलं गेलं, तर हा अर्धा दिवस मांडवाबाहेर जीपमध्ये बसून राहिला. पंगत उठली तरी उतरेना. शेवटी वरण-भात-पोळी जीपमध्ये नेऊन वाढावं लागलं, आणि तिथं त्यानं दोनदा वरण मागून घेतलं.

हा जानराव गेल्या उन्हाळ्यात निंभोरीला पाहुणा आला. नातवाच्या बारशाचा मान देणं राहिलं होतं, म्हणून खुशालरावानं त्याला दुपट्टा दिला आणि गुलाबी फेटा बांधला, चांगला वीतभर तुरा काढून. मग जानरावाच्या मनात आलं, अमरावतीला एका जुन्या दोस्ताला भेटून यावं. इवायानं एसटीनं जाणं म्हणजे गावात आपलं नाक कापून घेणं. खुशालरावानं आपली मोटरसायकल पुसून दारात लावली.

आता खरी गोष्ट अशी की जानरावानं स्वतः होऊन खुंटीवरचं हेल्मेट हाती घेतलं होतं. फेट्याची गाठ सोडायला त्यानं हातही वर नेला होता. खुशालरावानं झडप घालून हेल्मेट काढून घेतलं.

"काय करून राहिले, इवाई? आत्ताच बांधेल फेटा उतरवता? अन् त्या जागी हे भाताचं गंज घालता?"

"अहो, पन अमरावतीत पकडतात म्हने."

"तुमाले कोन पकडते? माह्या दारातून माहा इवाई बोडखा निंगाला असं म्हनतीन लोक. जा तुमी तसेच."

"अन् कायदा?"

"कायदा म्या पाह्यतो. पोलीस पाटील कोन हाय?"

जानराव गेला, दोस्ताला भेटला, रात्री मुक्कामाला परत आला. दुसऱ्या दिवशी पाहुणचार खाऊन अकोटाकडे गेला. तिसऱ्या दिवशी खुशालरावाच्या फोनवर चालान आलं. सोबत फोटो. अमरावतीचा चौक, मोटरसायकलचा नंबर स्वच्छ, आणि वर जानराव असा ताठ बसलेला की मागून वाजंत्री तेवढे यायचे राहिले. भरघोस मिशा आणि गुलाबी तुरा.

आशाबाईनं फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "फोटो मोठा झाक आला जी! सरकारनं काढला का हा?"

खुशालरावानं तो दंड तिथंच भरून टाकला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण पोलीस पाटलाला चालान म्हणजे वाघाला मुंगसाची नोटीस. त्यानं ठाण्यात जाऊन ओळखीच्या जमादाराला विचारलं. जमादार म्हणाला, "राहू द्या पाटील, पाहून घेऊ." सरकारात 'पाहून घेऊ' म्हणजे पाहायचं नाही असं ठरलं, हे एकोणीस वर्षं नोकरी करूनही खुशालरावाला कळलं नव्हतं.

सहा-सात महिने गेले. मग एक दिवस ठाण्याचा शिपाई चावडीवर आला. त्याच्या हातात तालुक्याच्या कोर्टाचा कागद होता.

"पाटील, समन्स हाय गावातलं. बजावून पोच द्या."

खुशालरावानं सवयीनं चष्मा लावला. गावातल्या माणसाला समन्स पोचवायचं तर पोलीस पाटलालाच सोबत घ्यायचं, ही रीत. "कोन हाय बावा आरोपी?" असं म्हणत त्यानं नाव वाचलं. एकदा वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

शिपाई वरच्या वाशाकडे पाहत म्हणाला, "आरोपी घरी सापडते का?"

"सापडते," खुशालराव म्हणाला.

"पयाला तं नाई? फरार?"

"कुठी पयते लेकाचा!"

मग त्यानं समन्स स्वतःला बजावलं. आरोपीच्या जागी सही केली, आणि 'माझ्यासमक्ष' लिहिलं होतं तिथंही सही केली. दोन्ही सह्या सारख्या दिसू नयेत म्हणून दुसरी जरा वाकडी केली, ही त्याची अक्कल.

एरवी तो यालाही हसला असता. पण त्याच महिन्यात त्याच्या पाटीलकीची मुदत संपत होती. पुढच्या मुदतीचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या कचेरीत द्यायचा होता, आणि त्या अर्जात दोन रकाने होते. आपणाविरुद्ध न्यायालयात प्रकरण चालू आहे काय? आपणास न्यायालयाने दंड किंवा शिक्षा केली आहे काय? खटला तसाच ठेवला तर पहिल्या रकान्यात 'होय'. गुन्हा कबूल करून दंड भरला तर दुसऱ्या रकान्यात 'होय'. आणि 'होय' पडलं की कचेरीतला बाबू अर्ज बाजूला ठेवणार. मग निंभोरीचा पाटील दुसरा कोणीतरी, आणि हा नुसता खुशाल. रस्त्यानं जाताना 'खुशालभौ, बकऱ्या दिसल्या का?' असं कोणीही विचारावं असा.

तो अॅडव्होकेट सुगतकडे गेला. सुगत गावचाच, बौद्धवाड्यातला, तालुक्याच्या कोर्टात दहा वर्षं वकिली करणारा. त्यानं फोटो मोठा करून पाहिला आणि टेबलावर ठेवला.

"पाटील, हे तुमी नाई."

"नाई."

"मंग सोपं हाय. गाडी कोन चालवत होता त्याचं नाव कोर्टाले सांगा. त्याच्यावर लागन ते लागन, तुमी मोकये."

"नाव नाई सांगत."

"काहून?"

"इवाई हाय."

सुगतनं पेनाला टोपण लावलं. कायद्याची पुस्तकं त्याच्या मागे भिंतभर होती, पण इवायाचं कलम त्यांत नव्हतं. लेक दिलेल्या घरचा माणूस, आपल्या दारी मानानं आलेला, आणि त्याचं नाव आपण आरोपी म्हणून द्यायचं? अकोटापासून अमरावतीपर्यंत सोयऱ्याधायऱ्यांत तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

"त्यायलेच विचारून पाहा," सुगत म्हणाला.

"पत्रिकेवर नाव खाली गेलं तं जीपमंदी बसला तो. समन्सवर नाव वर आलं तं कुठी बसन?"

घरी येऊन त्यानं आशाबाईला आपला बेत सांगितला. फोटोतला माणूस मीच, असं कोर्टात सांगायचं, दंड भरायचा आणि पुढचं नशिबावर सोडायचं.

"तुमाले मिशा कुठी हाय?" आशाबाईनं विचारलं.

"काढल्या म्हनीन."

"लग्न झाल्यापासून मलेच नाई दिसल्या, त्या जजले दाखवता? अन् पाटीलकी गेल्यावर दिवसभर घरी बसून माह्या डोक्यावर कारभार करान, त्याचं काय?" एवढं बोलून ती भाकऱ्या थापायला बसली. खुशालरावाला वाटलं, विषय संपला.

तारखेला कोर्टात ही गर्दी. सगळी चालानवाली. जज बाई तरुण होत्या, कोल्हापूरकडच्या, सहा महिन्यांपूर्वीच वऱ्हाडात आलेल्या. पुकारा झाला, खुशालराव पिंजऱ्यात उभा राहिला. शर्ट पांढरा, इस्त्रीचा.

"गाडी तुम्ही चालवत होता?"

"हो जी."

बाईंनी फोटो पाहिला, मग त्याला पाहिलं. "यातल्या माणसाला मिशा आहेत."

"काढल्या जी."

"तो तुमच्यापेक्षा धिप्पाड आहे."

"वायलो जी."

"काय झालात?"

"वाळलो म्हणतात, मॅडम," सुगत खालच्या आवाजात म्हणाला. मागच्या बाकांवर खसखस पिकली.

"काम काय करता तुम्ही?"

इथं खुशालरावानं शर्टाची कॉलर सारखी केली. "पोलीस पाटील हाय जी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पोलीस पाटील! आणि कोर्टात उभं राहून खोटं बोलता? हेल्मेट नसणं ही लहान गोष्ट आहे. हे लहान नाही. गाडी कोण चालवत होतं?"

खुशालरावाच्या डोळ्यांपुढं अर्जाचे दोन्ही रकाने नाचले. त्यानं कठडा धरला. "बाईसाहेब, हेल्मेट म्याच उतरवलं त्याचं. पाहुना होता. मले काय लिहाचं ते लिहा, पन नाव मी नाई सांगत."

"मग मला वर कळवावं लागेल."

"कळवा जी," खुशालराव म्हणाला, आणि हे दोन शब्द बोलताना त्याची एकोणीस वर्षं घशातून खाली उतरली.

तेवढ्यात दारात गलका झाला. शिपाई कोणाला तरी अडवत होता, आणि तो अडवलेला माणूस कोर्टात ओरडू नये एवढ्या मोठ्यानं ओरडत होता.

"सोड बे! फोटो माहा हाय!"

जानराव. दुपट्ट्यानं घाम पुसत तो थेट जज बाईंसमोर येऊन उभा राहिला, बिनपुकाऱ्याचा.

"साहेब, इहीनबाईचा फोन आला काल. म्हने, तुमचा फोटो कोर्टात लागला, अन् आमचे हे मनून राह्यले का तो त्यायचाच हाय. पाहा बरं, हे तोंड पाहा अन् ते तोंड पाहा! फेटा माह्या डोक्यावर, मिशा माह्या, अन् नाव याचं? म्या काय मेलो हाय का?"

"म्हणजे गाडी तुम्ही चालवत होता? हेल्मेटशिवाय?"

"मीच!" जानरावानं छाती पुढे केली. "लेहा. जानराव. पूरं नाव लेहा."

बाईंनी तोंडावर रुमाल धरला. नाव लिहून घेतलं. जानरावानं दंड तिथंच भरला आणि पावतीवर आपलं नाव नीट छापलंय की नाही ते दोनदा वाचलं. खुशालरावाला खोटं बोलल्याबद्दल चांगली ताकीद मिळाली, पण तोंडी. कागदावर तो मोकळा झाला. अर्जाच्या दोन्ही रकान्यांत 'नाही' लिहून त्यानं तो कचेरीत दिला, आणि पावसाळ्याआधी पाटीलकी पुढच्या मुदतीला मंजूर होऊन आली.

आता जानराव दर पंधरा दिवसांनी निंभोरीला येतो. आला की चावडीवर बसतो आणि कोर्टाची हकीकत सांगतो. पहिल्या वेळी जज बाई नुसत्या हसल्या होत्या. तिसऱ्या वेळेपर्यंत त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. परवा मोर्शीकडच्या एका लग्नात अनोळखी लोकांत त्यानं खुशालरावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे निंभोरीचे पाटील," तो म्हणाला. "म्या ठेवले."

लोकांनी खुशालरावाकडे पाहिलं.

"हो जी," खुशालराव म्हणाला, आणि इवायाच्या ताटात वरण कमी दिसलं म्हणून वाढप्याला हाक मारायला उठला.